भोसले घाटावर एक दिवस

मराठी घरातील मुलांना काशी प्रत्यक्ष पाहण्याच्या पुष्कळ आधी ठाऊक झालेली असते. सोडमुंजीच्या दिवशी हातात काठी, खांद्याला पडशी आणि पायांत नव्या वहाणा अशा थाटात बटू काशीला निघतो, आणि अंगणाच्या पलीकडे जातो न जातो तोच मामा त्याला आपली मुलगी देण्याचे कबूल करून मागे फिरवितो. देवघरात डाख लावून तोंड बंद केलेला गंगेचा गडू असतो; तो कोणी आणला, कधी आणला, याची कथा आजी सांगते. शेजारचे कोणी काशी करून आले की मावंद्याचे जेवण असते. थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते, की आमच्याकडे काशीचा सारा सोहळा परत येण्याचा आहे. निघालेल्याला मागे फिरवावयाचे, आणि परत आलेल्याच्या निमित्ताने गाव जेवू घालावयाचे. जे परत आलेच नाहीत त्यांच्यासाठी या साऱ्यात कोठेही पान वाढलेले नाही.

आमच्या घरातून गेलेली एक व्यक्ती अशी परत आली नाही. माझ्या आजीच्या त्या थोरल्या आत्या. घरात त्यांना सारे आत्याबाईच म्हणत. अकराव्या वर्षी वैधव्य आले, पुढची तीस वर्षे भावाच्या संसारात राबण्यात गेली, आणि १९३४ साली नागपूरहून निघालेल्या यात्रेकरूंच्या मेळ्याबरोबर त्या काशीला गेल्या. मेळा दोन महिन्यांनी परतला. त्याची मावंदी झाली. आत्याबाई मागे राहिल्या. त्यांची तीन कार्डे आईने जपून ठेविली आहेत. पहिल्यावर पत्ता ‘भोसले घाट, काशी’ एवढाच, आणि मजकूर सर्व क्षेम असल्याचा. दुसऱ्यात दोनच वाक्ये वाचण्याजोगी उरली आहेत : पायऱ्या मोजून उतरते, आणि खिडकीतून गंगा दिसते. तिसरे कार्ड १९५१ सालचे, कोणा परक्या माणसाच्या वळणदार अक्षरातले. बाई शांतपणे गेल्या, क्रिया यथासांग झाली, काळजी नसावी.

गेल्या पौषात कामानिमित्त प्रयागराजला जाणे झाले, आणि परतीच्या गाडीपूर्वी एक पूर्ण दिवस हाती उरला. तेथून काशी सव्वाशे किलोमीटर. मी आईला फोन केला. विश्वनाथाचे दर्शन, अभिषेक, दानधर्म यांपैकी तिने काहीच सांगितले नाही. “घाट तेवढा पाहून ये,” ती म्हणाली, “आणि गडू आण. जमल्यास ती खिडकी.”

तेव्हा मी काशीला गेले ती यात्रेकरू म्हणून नव्हे, तर एका दिवसाची प्रवासी म्हणून. हे आधीच सांगितलेले बरे, कारण त्या नगरीत या दोहोंत भेद करतात, आणि प्रवाशाचा मान अर्थातच कमी असतो.

पहाटे दशाश्वमेध घाटावर धुके इतके दाट होते की पाण्याची कड पायाला लागेपर्यंत दिसली नाही. नावाडी विशीतला मुलगा होता. भोसले घाटावर जावयाचे म्हणताच त्याने नवलाने पाहिले. “तेथे पाहण्यासारखे काय आहे, दीदी?” असे त्याने त्याच्या भाषेत विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता वल्ही टाकली. येथे गंगा आपला नेहमीचा मार्ग सोडून उत्तरेकडे वाहते. सारे घाट पश्चिम तीरावर आणि पूर्वेचा तीर मोकळा वाळवंटाचा. म्हणून सूर्य उगवतो तो समोर, आडोशावाचून. आमची नाव प्रवाहाबरोबर चालली होती. हिवाळ्यात दूर उत्तरेकडून येणाऱ्या पांढऱ्या पक्ष्यांचे थवे नावेभोवती घिरट्या घालीत होते आणि शेजारच्या नावेतील मंडळी त्यांना शेव टाकीत होती.

ज्याला घाटांची नावे वाचता येतात त्याला ही अर्ध्या तासाची सफर म्हणजे मराठ्यांच्या इतिहासाचे एक उघडे पान आहे. दशाश्वमेध घाट पक्का करविला तो बाळाजी बाजीराव पेशव्यांनी. त्याच्या दक्षिणेस अहल्याबाईंचा घाट आणि त्याला लागून मुनशी घाट. हे मुनशी म्हणजे नागपूर दरबारातील श्रीधरपंत. उत्तरेकडे निघालो की जयपूरकरांचा मानमंदिर, मग नेपाळी मंदिराचा ललिता घाट, मग मणिकर्णिका. तेथे नावेत कोणी बोलत नाही. मणिकर्णिका संपते न संपते तोच शिंद्यांचा घाट. दौलतराव शिंद्यांच्या पत्नी बायजाबाई यांनी १८३० च्या सुमारास तो इतका भारी बांधविला की नदीकाठची माती त्याचे ओझे सोसू शकली नाही आणि बांधकाम खचले. जवळच रत्नेश्वराचे देऊळ आजही एका अंगाला कलून उभे आहे. पुढे संकटा घाट, गंगामहाल, आणि मग भोसले घाट.

धुके थोडे विरळ झाले आणि एक भिंत दिसली. भिंत असेच म्हणावे लागते. बाकीचे घाट पायऱ्या-पायऱ्यांनी, छत्र्या-देवळांनी, रंगविलेल्या पाट्यांनी डोळ्यांत भरतात. येथे मात्र खालून वर चढत गेलेल्या दगडी पायऱ्या, आणि त्यांच्या माथ्यावर एक उंच, धट्टीकट्टी दगडी वास्तू. शोभेचा हव्यास नाही. वरच्या भागात मात्र लहान लहान खिडक्या आहेत. विदर्भातल्या जुन्या गढ्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ही वास्तू परकी वाटणार नाही. मला तर ती, सुंदर न म्हणता, ओळखीची वाटली.

नावाड्याने संध्याकाळी पुन्हा येण्याचे ठरवून मला उतरविले. मी पायऱ्या मोजीत चढले. तो आकडा येथे देण्यात अर्थ नाही, कारण या घाटांच्या पायऱ्या किती हे दर ऋतूत नदी ठरविते. हिवाळ्यात दिसणाऱ्या कित्येक पायऱ्या श्रावणात पाण्याखाली असतात. १९७८ च्या पुरात तर गंगेची पातळी ७३.९० मीटरपर्यंत, म्हणजे धोक्याच्या खुणेच्या अडीच मीटरांहूनही अधिक वर, गेली होती.

काशी मराठ्यांची कधीच नव्हती, हे या पायऱ्यांवर बसून आठवावयास हवे. अठराव्या शतकात काशी व प्रयाग ही क्षेत्रे आपल्या हाती यावीत अशी पेशव्यांची फार इच्छा होती. त्यांच्या पत्रव्यवहारात ती पुनःपुन्हा डोकावते. पण काशी अयोध्येच्या नबाबाकडे राहिली, आणि १७७५ साली ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. १७८१ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने काशीच्या राजा चेतसिंगाला पदच्युत केले. त्या धामधुमीत नागपूरकर भोसल्यांचे वकील बेनीराम पंडित हेस्टिंग्जच्या बाजूस होते आणि त्यांनी त्याला पैशाचे साहाय्यही देऊ केले होते. ही गोष्ट नागपुरात फारशी कोणी सांगत नाही. सांगावी अशी ती आहे असेही नाही.

भोसल्यांनी हा घाट बांधविला तो त्याच शतकाच्या अखेरीस. अहल्याबाईंनी विश्वनाथाचे मंदिर नव्याने उभारले तेही १७८० च्या सुमारास. म्हणजे एवढी बांधकामे मराठ्यांनी केली ती परमुलखात, धनी म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून. ज्या भूमीवर आपला अंमल नाही, उद्या तो येण्याची आशाही उरलेली नाही, तेथे असे प्रचंड दगड रचावयाचे, आणि त्यांवरून कोणीही उतरून स्नान करावे म्हणून ते उघडे ठेवावयाचे, याला काय म्हणावे? इतिहासकार राजकीय प्रतिष्ठा म्हणतील. तीही होतीच, नाही तर घाटाला आपले नाव कशाला? पण प्रतिष्ठेसाठी बांधलेली किती तरी कामे लोक वापरीनासे होतात. ही पायरी माझ्या डोळ्यांदेखत एक धोबी, दोन बकऱ्या आणि शाळा चुकविलेली चार मुले वापरीत होती.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. १८०३ साली ओरिसा गेला, १८१७ मध्ये सीताबर्डीची लढाई हरली, डिसेंबर १८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि १८५४ साली डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. राजघराण्यातील जडजवाहीर कलकत्त्यास लिलावाने विकले गेले. घाटाचे नाव मात्र घाटाला राहिले. हिंदीत ते ‘भोंसले’ असे लिहितात. भाषांतराच्या कामात जन्म गेलेल्या मला तो अनुस्वार खुपला. पण त्याच अनुस्वारासह हे नाव इतकी वर्षे येथील लोकांनी जिभेवर वागविले आहे, तेव्हा तक्रार कोणाकडे करणार?

वरच्या गल्ल्या इतक्या अरुंद, की समोरून गाय आली तर एकाने कोणाच्या तरी उंबऱ्यावर चढावेच लागते. मी तिघाचौघांना जुन्या मराठी घरांविषयी विचारले. प्रत्येकाने उत्तरेकडे बोट दाखविले : ब्रह्मघाट, दुर्गाघाट. ते खरेच होते. पेशव्यांचे गुरू नारायण दीक्षित पाटणकर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात गोदाकाठच्या कायगावाहून येथे आले, आणि त्या भागात त्यांनी घाट बांधविले व मराठी ब्राह्मणांची वस्ती वसविली. त्याही आधी, सोळाव्या शतकात, पैठणच्या भट्ट घराण्याने काशीला घर केले होते. शिवाजी महाराजांना १६७४ मध्ये राज्याभिषेक करणारे गागाभट्ट त्याच घराण्यातले. एकनाथांनी आपले भागवत पुरे केले तेही काशीतच, शके १४९५ मध्ये. मराठी माणसाने काशीला यावे आणि येथे काही काम करून ठेवावे, ही रीत अशी फार जुनी आहे.

अखेर एका ओट्यावर उन्हात बसलेल्या वृद्ध गृहस्थांपाशी मला कोणीतरी नेऊन उभे केले. कानटोपी, अंगावर लोकरीची शाल, हातात त्या दिवशीचे हिंदी वर्तमानपत्र.

“या, बसा. आपण कोठल्या, बाई?”

“नागपूरच्या.”

“म्हणजे घाटमालकांच्या गावच्या!” ते मोठ्याने हसले. मग आत हाक मारून त्यांनी चहा मागविला. त्यांची ही काशीतील सातवी पिढी. मराठी स्वच्छ, पण क्रियापदे अधूनमधून गंगाजमनी. “आमच्याकडे जेवण मराठीत होते,” ते म्हणाले, “भांडण हिंदीत. नातवंडांचे तर दोन्ही हिंदीत.” या गोष्टीचे त्यांना दुःख आहे काय, असे मी विचारले, तेव्हा त्यांनी उलट बाबूराव विष्णू पराडकरांचे नाव घेतले. पराडकर १८८३ साली काशीतल्या मराठी घरात जन्मले, आणि ‘आज’ दैनिकाचे संपादक म्हणून त्यांनी हिंदी वृत्तपत्रांची भाषा घडविली. “घरची भाषा मराठी, आणि हिंदीवाले त्यांना आपला गुरू मानतात. मग काय गमावले, काय कमावले, हिशेब तुम्हीच करा.” मी हिशेब केला नाही. मराठीचे काम करून पोट भरणाऱ्या व्यक्तीला त्या हिशेबाचे उत्तर एकाच बाजूने हवे असते, आणि ते त्यांनाही दिसत असावे.

मी कार्डांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प राहिले. “त्या बाईंना मी पाहिले असेन,” ते म्हणाले, “पण ओळखले असेन असे नाही. आमच्या लहानपणी या गल्ल्यांत अशा पंधरा-वीस तरी बायका असतील. लाल आलवण, हातात तांब्या. कोणी आजी, कोणी काकू. नाव कोणाचे कोण विचारतो? एका खोलीत तिघी-चौघी. अन्नछत्रात दुपारी जेवायच्या, किंवा कोणाच्या घरी सोवळ्यातला स्वयंपाक करायच्या. पहाटे चारला स्नानाला उतरायच्या, एकीमागून एक. गल्लीत दिवा नव्हता, पायऱ्या दिसायच्या नाहीत. मग पुढची बाई मोठ्याने मोजायची आणि मागच्या तिच्या आवाजावर पाऊल टाकायच्या. एक, दोन, तीन. मराठीत. आम्ही पांघरुणात पडल्या पडल्या ऐकायचो. आमची अंकांची उजळणी तीच.”

‘पायऱ्या मोजून उतरते.’ आमच्या घरात या वाक्याचा अर्थ आजवर असा लावला गेला होता, की आत्याबाई थकल्या होत्या, गुडघे दुखत होते. आई ते वाक्य वाचताना नेहमी थांबते. त्यात दुखण्याचा काही संबंध नसेल, कदाचित त्या पुढे चालणाऱ्या असतील, ही गोष्ट नव्वद वर्षांत आमच्यापैकी कोणाच्याही मनात आली नव्हती.

आजोबांनी नातवाला बरोबर दिले. घाटाच्या वरच्या अंगाला, दोन वळणे घेऊन, एक तीन मजली घर होते. पूर्वी तेथे दक्षिणी बायका राहत, एवढेच त्यांनी सांगितले होते. “हेच ते, असे मी म्हणणार नाही,” हेही बजावले होते. आज ते देशी-विदेशी प्रवाशांच्या उतारूगृहात बदलले आहे. गच्चीवर रंगीत छत्र्या, दारात परदेशी भाषांतल्या पाट्या. व्यवस्थापक तरुण होता आणि भला होता. तिसऱ्या मजल्यावरची नदीकडची खोली त्याने उघडून दिली. तिचे भाडे आधी सांगितले आणि मग ‘पाहण्याचे पैसे नाहीत’ असेही सांगितले. खोलीत एक खाट, एक आरसा, एक पंखा. खिडकी दीड हात रुंद असेल. समोर शेजारच्या घराची मागील भिंत, आणि ती भिंत व एक पिंपळ यांच्या मध्ये, जेमतेम हातभर, गंगा. त्या हातभर पाण्यातून एक नाव गेली. डाव्या कडेला दिसली, उजव्या कडेला नाहीशी झाली.

मी पाच मिनिटे तेथे उभी राहिले. खिडकी तीच असेल असे मानण्यास कोणताही आधार नाही.

दुपार घाटावरच काढली. गल्लीतून कचोरी आणि कुल्हडातला चहा घेऊन पायऱ्यांवर उन्हाला बसले. काही महिन्यांपूर्वी भूमध्य समुद्रातील माल्टा बेटावर एक दिवस घालविणाऱ्या कोणा प्रवाशाचा लेख मी मराठीत आणला होता. व्हॅलेटा नगरात तेथील सरदारांच्या धर्मसंघाने भाषेभाषेप्रमाणे वेगवेगळी निवासस्थाने बांधली होती. इटालियन सरदारांचे एक, कास्तीलच्या सरदारांचे दुसरे, अशी. भाषांतर करताना मला ती मोठी नवलाची गोष्ट वाटली होती, आणि मी शब्दकोश उघडून बसले होते. तो सारा प्रकार आपल्याच देशात, याहून किती तरी मोठ्या प्रमाणावर, चालत आला आहे हे ध्यानात यावयास मला भोसले घाटाच्या पायरीवर यावे लागले. केदार घाटाकडे दाक्षिणात्यांची वस्ती, बंगाली टोल्यात बंगाली, ललिता घाटावर नेपाळी, येथून पुढे दुर्गाघाटापर्यंत मराठी. फरक एवढाच की माल्टाची घरे सरदारांची होती. येथील घरांत खोलीचे भाडे चुकते करण्यासाठी दुसऱ्याच्या घरी पोळ्या लाटणाऱ्या बायकाही होत्या, आणि त्यांचा कोठे शिलालेख नाही.

यमेश्वर व यमादित्य ही स्थाने याच घाटाच्या परिसरात आहेत. भाऊबिजेला, म्हणजे यमद्वितीयेला, येथे स्नानाची गर्दी होते असे नावाड्याने मागाहून सांगितले. यम आपल्या बहिणीकडे जेवावयास गेला तो हा दिवस. आत्याबाईंचा भाऊ कधी काशीला आला होता काय, हे मला ठाऊक नव्हते. संध्याकाळी आईला फोन केला तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला. नाही, ती म्हणाली. दोनदा निघाला होता, पण काही ना काही अडचण आली.

मग मी तिला पायऱ्यांचा अर्थ सांगितला. पलीकडे इतकी शांतता पसरली की फोन बंद पडला असे मला वाटले.

“गडू घेतलास ना?” काही वेळाने तिने विचारले.

“आता भरते.”

“मग आल्यावर मावंदे घालू. आत्याबाईंचे राहिले आहे.”

हे शास्त्रात बसते की नाही, तिने विचारले नाही. मीही त्यावर काही बोलले नाही.

विश्वनाथ गल्लीत दुपारीच घेतलेला तांब्याचा गडू पिशवीत होता. अंधार पडू लागला होता, पण आता घाटावर विजेचे मोठे दिवे आहेत; पायरी न पायरी दिसते. मोजण्याची काही गरज नव्हती. तरी मी मोजीत उतरले, प्रथम मनात, आणि निम्म्यावर आल्यावर मोठ्याने. खाली कपडे गोळा करणाऱ्या धोब्याने मान वर करून पाहिले व पुन्हा आपल्या कामाला लागला. शेवटच्या पायरीवर माझा आकडा सकाळच्या आकड्याहून दोनाने कमी भरला. कोठे तरी चुकले असेन.

गडूला डाख लावून घेण्यास वेळ उरला नव्हता. तोंडावर ओला रुमाल घट्ट बांधून तो मी मांडीवर धरला. नावाडी आला होता. परतताना प्रवाह उलट, तेव्हा वेळ लागेल, असे त्याने आधीच सांगितले, आणि वल्ही पाण्यात घातली.